यंत्राला शिकवलेला राघू

"सोमवार, ५ फेब्रुवारी १९९६. पाणी सहाला आलं, धार बारीक. गॅस नोंदवला. शोभाबाईंनी पोंक पाठवला. आपला हुरडाच, पण दाणा जास्त कोवळा. दुपारी त्यांची हर्षदा आली. तिच्या कॉलेजातल्या यंत्राला माझा आवाज शिकवायचा आहे म्हणे. शब्दांची यादी ठेवून गेली. यादीत ह्यांचं नाव आहे."

एवढं लिहून केशरबाईंनी पेनाला टोपण लावलं आणि यादी पुन्हा हातात घेतली. पहिलीच्या मुलांना चित्रं दाखवून शिकवावेत तसले साधे शब्द होते. आंबा, पतंग, टोपी, नळ, मासा. आणि खाली, कासव आणि बदक यांच्या मधे, पोपट. हर्षदाच्या वळणदार अक्षरात, त्यात काही विशेष नसल्यासारखं.

हर्षदाला ते कळायचं काही कारणही नव्हतं. शेजारची मुलगी, पण लहानपणापासून ती केशरबाईंच्या नवऱ्याला मास्तरकाका म्हणत आली. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची, कारण सुरतेजवळ उधन्याच्या विणकारखान्यात बिघडलेले माग ठीक करणाऱ्याला मास्तरच म्हणतात. दारावरच्या पितळी पाटीवर 'पी. एस. भदाणे' एवढंच होतं, आणि ती पाटी केशरबाईंनीच करवून घेतली होती. पूर्ण नाव घातलं असतं, तर कुणा परक्या माणसानं दारात उभं राहून "हे कोणाचं घर?" विचारलं असतं आणि त्यांना पाटी वाचूनही सांगता आलं नसतं. पी. एस. त्यांना म्हणता यायचं. त्या दोन इंग्रजी अक्षरांना नवऱ्याच्या नावाचा दर्जा नव्हता.

खरं तर केशरबाई काही अडाणी घरातल्या नव्हत्या. वडील भुसावळला रेल्वेत क्लार्क. त्यांनी हट्टानं मुलीला कॉन्व्हेंटात घातलं. तिथल्या सिस्टरनी तिला उभं राहून, मान ताठ ठेवून, प्रत्येक अक्षर सुटं उच्चारून वाचायला शिकवलं आणि रोज संध्याकाळी डायरी लिहायची सवय लावली. वाचताना केशरची एकही चूक व्हायची नाही. अशी मुलगी अठ्ठावन्न साली लग्न होऊन सुरतेला आली, आणि दुसऱ्याच दिवशी समोरच्या गुजराती घरातला पिंजरा पाहून भाबडेपणानं म्हणाली, "किती छान पोपट!"

खोलीतल्या बायका पदर तोंडाला लावून अशा हसल्या, की एकीला ठसका लागला. सासूबाई स्वयंपाकघरातून तशाच पिठाच्या हातांनी बाहेर आल्या.

"राघू म्हन व माय, राघू! नवरानं नाव आसं तोंडे ल्हेतस का?"

त्या दिवसापासून केशरबाईंचा तो पक्षी राघू झाला. पोपटी लुगडं कोवळ्या हिरव्या रंगाचं झालं. सुरतेत गुजरातीतही त्या पाखराला पोपटच म्हणतात, त्यामुळे बाजारात कुणी पिंजरेवाला ओरडला, की पहिली काही वर्षं त्या चमकून मागे बघायच्या. नवरा एकदा थट्टेनं म्हणाला होता, "एवढं इंग्रजी शिकलीस, तर पॅरट तरी म्हण. त्यात माझं नाव नाही."

"अहो, अर्थ तोच ना?" केशरबाई म्हणाल्या होत्या. अर्थालाही त्यांची जीभ अडायची.

नाव घ्यायची मुभा होती ती फक्त लग्नाकार्यात. बारसं असो, डोहाळजेवण असो, बायका घेरून बसायच्या. "केसरताई, नाव घ्या!" मग त्या लाजत, आढेवेढे घेत एखादा उखाणा म्हणायच्या आणि शेवटी ते नाव यायचं, पुढे 'राव' लावून, चारचौघींत, अगदी स्पष्ट, सिस्टरनी शिकवलं तसं. तीन वर्षांपूर्वी मास्तर गेले. त्यानंतर कुठल्याही कार्यात बायका त्यांच्यापाशी आल्या, की आवाज उतरवून पुढच्या बाईकडे वळायच्या. कोणी वाईट वागत नव्हतं. उलट जपूनच वागत होते. पण त्या जपण्यातच नाव घ्यायची ती एकुलती एक जागा गेली. मास्तरांना नावानं हाक मारणारी त्यांची आई गेली, मोठा भाऊ गेला. मुलगी छाया नंदुरबारला, ती बाबा म्हणते. आता साऱ्या जगात ते नाव कुणाच्या तोंडी नव्हतं, आणि केशरबाईंना ते एकदा ऐकायचं होतं. कुणीतरी गल्लीच्या टोकावरून मारलेल्या हाकेसारखं. एवढीच इच्छा, पण ती सांगायची कोणाला?

दुसऱ्या दिवशी हर्षदा टेपरेकॉर्डर घेऊन आली, तेव्हा त्यांनी आधी यंत्राची चौकशी केली.

"हे बघा मावशी," हर्षदा पाटावर मांडी घालून बसली. "आधी लोक काय करायचे, यंत्राला नियम सांगायचे. असं असेल तर असं कर, तसं असेल तर तसं. परवा त्या बुद्धिबळाच्या सामन्याची बातमी तुम्ही वाचून दाखवलीत ना, येत्या शनिवारी यंत्र जगज्जेत्याशी खेळणार म्हणून? ते यंत्र बव्हंशी तसलं आहे. सांगितलेलं करतं, फक्त भयंकर वेगानं. पण बोलण्याचे नियम कोण सांगणार? तुम्ही 'आंबा' म्हणता तो वेगळा, आई म्हणते तो वेगळा, आणि आईला सर्दी झाली की आणखी वेगळा."

"माझ्या सर्दीला कॉलेजात नेऊ नकोस," शोभाबाई दारातून म्हणाल्या. त्या डाळीचं भांडं परत करायला आल्या होत्या आणि आता जाणार नव्हत्या.

"म्हणून नियम सांगायचेच नाहीत. नुसती उदाहरणं द्यायची. हा आंबा, हाही आंबा, ही टोपी. यंत्र आपलं उत्तर देतं, चुकतं. किती चुकलं ते त्याला कळवायचं. मग ते आतले स्क्रू जरा जरा फिरवून घेतं. स्क्रू म्हणजे आकडे हां. पुन्हा चुकतं, पुन्हा फिरवतं. होता होता बरोबर यायला लागतं. कसं आलं, ते त्यालाही सांगता येत नाही आणि आम्हालाही."

केशरबाई हसल्या. "आमचे हे नव्या कारागिरांना असंच शिकवायचे. मागाजवळ उभं करायचे आणि म्हणायचे, ऐक. काय ऐकायचं ते सांगायचे नाहीत. मुलगा म्हणायचा पट्टा सैल आहे, हे म्हणायचे नाही. पुन्हा ऐक. महिन्याभरानं मुलाला धागा तुटायच्या आधी कळायचं."

"अगदी तेच! आणि हे आजचं नाही मावशी. आमच्या सरांनी सांगितलं, अमेरिकेत अठ्ठावन्न सालीच एकानं असं यंत्र दाखवलं होतं. त्याला कागद दाखवायचे, कुणावर डावीकडे खूण, कुणावर उजवीकडे. चुकत चुकत त्याला डावं-उजवं कळायला लागलं. पेपरवाल्यांनी लगेच लिहून टाकलं, आता हे चालेल, बोलेल, माणसासारखा विचार करेल."

"मग?"

"मग काय, दहा-अकरा वर्षांनी दोघा विद्वानांनी पुस्तक लिहून गणितानं दाखवलं, की अशा साध्या यंत्राला काही अगदी सोप्या गोष्टीसुद्धा कधीच येणार नाहीत. लोकांचा रस गेला, पैसा आटला. बरीच वर्षं कोणी विचारेना. थोडे वेडे तेवढे चिकटून राहिले. शेवटी शहाऐंशीच्या सुमाराला पक्कं समजलं, की एकाच्या मागे एक असे थर लावले आणि चूक उलटी मागे मागे पोचवत नेली, की जमतं. आता तिकडे यंत्रं पाकिटावरचे हातानं लिहिलेले आकडे वाचतात. आणि सुरतेत हर्षदा वाघ तिच्या मावशीचा आवाज शिकवते!"

अठ्ठावन्न. केशरबाईंना वाटलं, ज्या वर्षी तिकडे यंत्राला डावं-उजवं समजलं, त्याच वर्षी आपल्याला राघू शिकवला गेला. आपण मात्र एकदाच चुकलो.

"पण माझाच आवाज कशाला?"

"आमचं यंत्र लहान आहे, एकाच माणसाचा आवाज शिकू शकतं. सर म्हणाले, आवाज स्वच्छ हवा. माझ्या मराठीत निम्मी गुजराती घुसते. आई दोन शब्दांच्या मधे तीन गप्पा सांगते."

"सांगते ग बाई, सांगते," शोभाबाई म्हणाल्या. "तुझ्या यंत्राला गप्पा समजल्या असत्या, तर त्याचं कल्याण झालं असतं."

गल्लीच्या मागे कारखाने होते आणि मागांची खटखट भिंतीतून यायची, म्हणून आठवड्यातून एकदा वीज बंद ठेवून माग थांबवतात, त्या वीजसुट्टीच्या दिवशी रेकॉर्डिंग करायचं ठरलं. घरातही कोणी नको, नाहीतर टेपवर भांडी वाजतील. हर्षदानं सेल घालून दिले, बटणं दाखवली. प्रत्येक शब्द यादीतल्या क्रमानं, मधे एक श्वास थांबून. यादी संपली की पुन्हा पहिल्यापासून. कॅसेट भरेपर्यंत.

त्या सकाळी केशरबाईंनी न्हाऊन इस्त्रीचं पातळ नेसलं, खिडक्या लावून घेतल्या आणि टेबलापाशी उभ्या राहिल्या. मनाशी ठरलं होतं. आज म्हणायचं. अडवणारं कोण आहे? सासूबाई नाहीत, हसणाऱ्या बायका नाहीत, ज्यांच्या आयुष्याला जपायचं म्हणून नाव घ्यायचं नाही तेही नाहीत. शिवाय हे त्यांचं नाव थोडंच आहे, पाखराचं आहे. शिकल्यावर यंत्राच्या पडद्यावर पाखराचं चित्र येणार, असं हर्षदानंच सांगितलं होतं.

"आंबा," त्या म्हणाल्या. "पतंग. टोपी."

आवाज छान लागला होता. कासव आलं. मग त्या एक श्वास थांबल्या, ओठ मिटले, तो 'प' ओठांवर आला, आणि तोंडातून निघालं, "राघू."

त्यांनी टेप थांबवला. हसू आलं, थोडा रागही आला. पुसून पुन्हा केलं. पुन्हा राघू. भिंतीवरच्या फोटोकडे त्यांनी पाहिलं. मास्तर नेहमीसारखे किंचित कान टवकारून बघत होते, जणू फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यात बिघाड कुठे आहे ते ऐकत होते. त्यांच्यासमोर तर नाव घेणं आणखीच अवघड. त्या दुसऱ्या खोलीत गेल्या. तिथेही राघू. शेवटी त्या दमल्या आणि पुढची सगळी कॅसेट त्यांनी तशीच भरली, प्रत्येक वेळी कासवानंतर राघू आणि राघूनंतर बदक. तेही मराठीच आहे, हर्षदा ऐकेल आणि बदलून घेईल, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

पण हर्षदानं ऐकलंच नाही. आवाज यंत्रात घालताना पडद्यावर नागमोडी रेघ उमटायची. रेघ थांबली की तुकडा कापायचा आणि क्रमानं त्याला नाव द्यायचं. कान लावून बसायची गरज नव्हती. कासवानंतरचा प्रत्येक तुकडा तिनं पोपट म्हणून यंत्राला दिला. यंत्रानंही काही विचारलं नाही. ते रात्रंदिवस चुकत राहिलं, आकडे फिरवत राहिलं आणि शिकलं.

मार्चमध्ये हर्षदा पेढे घेऊन आली. "मावशी, शिकलं! तुमच्या कॅसेटवरचं जवळजवळ सगळं ओळखतं. एप्रिलमध्ये बडोद्याहून परीक्षक येणार आहेत. त्यांच्यासमोर तुम्ही स्वतः बोलायचं!"

"सगळं म्हणजे..." केशरबाईंच्या हातात पेढा तसाच राहिला. "सगळे शब्द?"

"सगळे! पोपट तर एकदाही चुकलं नाही."

तेव्हा सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे तो शब्द वापरूनच सांगायचं, आणि समोर शोभाबाई पेढे मोजत उभ्या. केशरबाई "बरं हो" एवढंच म्हणाल्या. पुढचे कितीतरी दिवस त्या भाजी निवडताना ओठ मिटून 'प' धरून बघायच्या. परीक्षकासमोर राघू म्हटलं तर पोरीचं हसं होणार. तिच्यासाठी म्हणायचं. तिथे तरी म्हणायचंच.

कॉलेजातली खोली थंडगार होती, यंत्राला उकाडा सोसत नाही म्हणून. टेबलावर पडदा, समोर माईक, भिंतीवर चित्रांचा तक्ता. मागे हर्षदाच्या वर्गातली मुलं दाटीवाटीनं उभी. परीक्षक मध्यमवयीन गुजराती गृहस्थ होते. ते पट्टीनं चित्र दाखवणार, केशरबाई बोलणार.

"बोलिए माजी, ये क्या है?"

"आंबा." पडद्यावर आंबा उमटला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पतंग आला, नळ आला, मासा आला. हर्षदाचा चेहरा फुलत चालला. मग पट्टी हिरव्या पाखरावर येऊन थांबली.

केशरबाईंनी मान ताठ केली. भुसावळच्या वर्गात उभ्या असल्यासारखे दोन्ही हात बाजूला घेतले.

"पोपट," त्या म्हणाल्या.

स्वच्छ, सुटं, प्रत्येक अक्षर वेगळं. पुढे राव नाही, आधी उखाणा नाही. नुसतं नाव, आईनं अंगणात मारावी तशी हाक. आणि पडद्यावर आली टोपी.

"फिर से, माजी."

"पोपट."

पुन्हा टोपी. मागून धर्मेंद्र नावाचा पोरगा मोठ्यानं म्हणाला, "हर्षदानो पोपट थई गयो!" आणि सगळी मुलं खदखदून हसली. आजकाल कुणाची फजिती झाली की पोरं असंच म्हणतात, मराठीतही आणि गुजरातीतही. केशरबाईंना ते ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त एवढंच ऐकू आलं, की तीन वर्षांनी कुणीतरी परक्यानं, भर खोलीत, मोकळ्या गळ्यानं ते नाव घेतलं. त्यांनी वळून धर्मेंद्रकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, म्हणून तोच ओशाळला.

हर्षदा मात्र पांढरी पडली होती. कळफलकावर तिची बोटं उगाच फिरत होती. "सर, काल तक तो ठीक था..."

"थांब," केशरबाई म्हणाल्या. त्या माईकपाशी वाकल्या आणि घरात बोलतात त्या आवाजात म्हणाल्या, "राघू."

पडद्यावर उमटलं, पोपट.

हसणं थांबलं. परीक्षकांनी चष्मा वर केला. हर्षदा पडद्याकडे आणि मावशीकडे आळीपाळीनं बघत राहिली. "मावशी, तुम्ही कॅसेटवर... राघू म्हणालात? का?"

"ते तुझ्या मास्तरकाकांचं नाव आहे ग," केशरबाई म्हणाल्या. "मला नाही घेता आलं."

हर्षदानं ते हिंदीत परीक्षकांना सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू ओळखीचं हसू आलं. "मेरी बा, मेरी माँ भी," ते म्हणाले. "बापूजी का नाम सोम था। सारी उम्र सोमवार को चंदरवार बोली।" मग ते हर्षदाकडे वळले. यंत्रानं चूक केलेली नाही, चूक शिकवणाऱ्याची आहे, डेटा कानानं तपासायला हवा होता, असं त्यांनी स्पष्ट सुनावलं. पुन्हा शिकवून पुढच्या आठवड्यात दाखव, मग मार्क देतो.

परतताना रिक्षात हर्षदा म्हणाली, "मावशी, सॉरी. मी ऐकायला हवं होतं."

"मी सांगायला हवं होतं." केशरबाई बाहेर बघत होत्या. "आता काय करशील? राघू पुसून टाकशील त्यातून?"

"पुसता नाही येत. राघू कुठल्या एका जागी लिहिलेला नसतो, सगळ्या आकड्यांत थोडा थोडा मुरलेला असतो. नुसतं नवं शिकवत गेलं, की जुनं आपोआप झिजत जातं."

"झिजतं," केशरबाई म्हणाल्या. हा शब्द त्यांना नीट कळला. मास्तरांचा आवाज असाच झिजला होता. पहिल्या वर्षी तो कानात जसाच्या तसा होता. आता आठवायला गेलं, तर शब्द आठवायचे, आवाज यायचा नाही.

"झिजू नये असं काही करता येत नाही का ग?"

हर्षदानं त्यांच्याकडे पाहिलं. "येतं. दोन्ही मिसळून शिकवायचं. कधी हा शब्द, कधी तो, उत्तर एकच. मग राघू म्हटलं तरी पोपट येईल आणि पोपट म्हटलं तरी. पण मावशी, त्यासाठी तुम्हाला ते नाव कॅसेटवर म्हणावं लागेल. पुष्कळदा. एका वेळचं पुरत नाही त्याला."

रिक्षा रेल्वे फाटकापाशी अडली. केशरबाईंनी पदर सावरला. "पुष्कळदाच म्हणायचं आहे मला," त्या म्हणाल्या.

वीजसुट्टीच्या दिवशी त्यांनी पुन्हा खिडक्या लावल्या. या वेळी दुसऱ्या खोलीत गेल्या नाहीत. फोटोसमोर खुर्ची ओढून बसल्या आणि बटण दाबलं. पहिल्यांदा आवाज चिरकला. दुसऱ्यांदा बरा आला. मग त्या म्हणतच गेल्या. वाचल्यासारखं म्हणाल्या, रागावल्यासारखं म्हणाल्या, जेवायला बोलावल्यासारखं, गल्लीच्या टोकावरून हाक मारल्यासारखं, अंधारात कूस बदलताना हळूच विचारल्यासारखं. मधेच राघू म्हणाल्या, तोही सोडायचा नव्हता. प्रत्येक हाकेनंतर एक श्वास थांबायचं होतं, आणि त्या थांबायच्या. मागांची खटखट बंद होती. त्या थांबण्यात कोणी 'ओ' दिली नाही. तरी त्या दर वेळी पूर्ण श्वास थांबल्या आणि कॅसेट संपून बटण आपोआप वर आलं, तेव्हाच उठल्या.

दुपारी हर्षदा कॅसेट घेऊन गेली. या वेळी कान लावून ऐकते म्हणाली. केशरबाई थोडा वेळ दारात उभ्या राहिल्या, मग आत जाऊन चिंच आणि फडकं घेऊन आल्या. संध्याकाळी त्यांनी डायरी उघडली, तारीख घातली, पाण्याची वेळ लिहिली आणि खाली लिहिलं:

"दारावरची पाटी घासली. खालचा एक स्क्रू निघाला आहे, नवा आणायचा."